कडेकडून टोकाकडे

९ जानेवारी

वही आणली. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, "एवढं वाचता, मग लिहीत का नाही?" मी म्हटलं, "वाचायला कुणी विचारत नाही किती शिकलात म्हणून. लिहायला विचारतात." माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी पिझ्झ्याचे खोके घड्या घालता घालता, समोर पुस्तक उघडं ठेवून शिकले. अजूनही जोडाक्षर अडलं की खोक्याच्या पुठ्ठ्यावर गिरवून बघते.

पण हे गेल्यापासून दिवसभरात काय झालं ते सांगायला कुणी नाही. मुलगा कामात, सून कामात, नात लहान. म्हणून वही. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की लिहीन.

आज सांगण्यासारखं काही नाही. थंडी आहे. चार टेबलांपैकी एकावर माणसं होती. मुलगा पुडीतलं यीस्ट घालून पीठ मळतो, पिझ्झा होतो, गिऱ्हाईक गप्प खातं आणि गप्प जातं.

१० जानेवारी

यांच्याबद्दल लिहून ठेवते, नाहीतर विसरायला होईल. आत्ताच आवाज आठवायला डोळे मिटावे लागतात.

हे डावखुरे होते. पिझ्झ्याचा तुकडा उलटा खायचे. सगळं जग टोकाकडून सुरू करतं, हे कडेकडून. कड कोरडी असते, ती आधी संपवायची, आणि टोक, जिथे सगळा रस जमतो, ते शेवटी. "चांगली बातमी शेवटी सांगायची," असं म्हणायचे. पहिला घास पटला की टेबलावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायचे आणि "जमलं की!" म्हणायचे, जणू दुसऱ्याच कुणी केलाय. उजवा गुडघा दुखायचा, तो चोळत बसायचे. मला "मालकीणबाई" म्हणायचे. संध्याकाळी दुकान बंद करताना दार धरून उभे राहायचे, "मालकीणबाई, आधी तुम्ही." मी बाहेर पडले की मग कुलूप, आणि कुलपाला म्हणायचे, "चला, आजचा दिवस भाजून झाला."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दुसऱ्यांचे पिझ्झे खायला जायचो. त्याला हे अभ्यास म्हणायचे. मोठ्या हॉटेलातला पातळ, मश्रूमचा, त्याची कड कागदासारखी चुरचुरायची. तो मला फार आवडायचा. सिनेमागृहाखालच्या पार्सलवाल्याकडचा लसणाचा, तो घरी आणेपर्यंत खोक्याचा तळ तेलाने पारदर्शक व्हायचा. आणि यांचा सगळ्यात लाडका कोणता? मोठ्या दुकानातल्या फ्रीझरच्या कपाटात खालच्या फळीवर पडलेला, सगळ्यात स्वस्त. चीज म्हणजे नुसतं रबर. मी म्हणायची, "लाज नाही वाटत? स्वतःची भट्टी आहे." हे म्हणायचे, "त्याला बिचाऱ्याला कुणी बनवलंय ते माहीत नाही. कुणीतरी लाड करायला नको का?"

१२ जानेवारी

आज एक गोष्ट केली ती कुणाला सांगितलेली नाही.

हे पहाटे पीठ मळताना गेले. मी आत आले तेव्हा लाकडी परातीवर ओणवे होते, दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. मुलाने हात सोडवून घेतले. पीठ सोडत नव्हतं.

यांचं खमीर बरणीत असायचं. खमीर म्हणजे आंबवलेलं जुनं पीठ. रोज थोडं पीठ-पाणी घालून जिवंत ठेवायचं, त्यातलंच घालून दुसऱ्या दिवशीचा गोळा फुगवायचा. हे त्याला 'बरणीला जेवायला घालणं' म्हणायचे. त्या गडबडीत बरणी उपाशी राहिली, काळी पडली. सुनेने घासून पालथी घातली. तिची चूक नाही, तिला काय माहीत.

पण परातीतलं ते पीठ मला टाकवलं नव्हतं. सगळे बाहेरच्या खोलीत होते तेव्हा मी त्यातलं मूठभर एका डब्यात घालून फ्रीझरमध्ये मटारांच्या मागे लपवलं होतं. का, ते मला विचारू नये. आज काढलं. धुतलेल्या बरणीत घातलं, वर कोमट पाणी, थोडं पीठ.

जिवंत होईल असं वाटत नाही.

१५ जानेवारी

फुगलं. झाकण उचललं तर आंबूस वास यायला हवा होता. तो आलाच, पण त्याच्याखाली दुसरा होता. भट्टीसमोरून उठून आल्यावर यांच्या मानेला यायचा तो.

झाकण लावून टाकलं. मग पुन्हा उघडलं.

२० जानेवारी

मुलाला म्हटलं, "आज पीठ मी मळते." तो म्हणाला, "खुशाल मळ, माझे खांदे गेलेत." बरणीचं खमीर घातलं. गोळे झाले ते इतके मऊ की बोट लावलं तर बोटाला धरून ठेवत होते.

दुपारी मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, आमचं जुनं गिऱ्हाईक. यांच्याशी रोज भांडायचे. "उलटा पिझ्झा खाणारा माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता," म्हणायचे.

त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि मी खोके घडी घालायला बसले. थोड्या वेळाने टकटक ऐकू आली. दोनदा.

मास्तरांनी तुकडा फिरवला होता. कड तोंडात, टोक बाहेर.

"मास्तर, हे काय?"

"काय काय?"

"कडेकडून खाताय."

त्यांनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं. "मग? चांगली बातमी शेवटी," म्हणाले, आणि पुन्हा घास घेतला. "जमलं की!"

मी मागे गेले आणि भट्टीच्या आडोशाला उभी राहून पदराने तोंड दाबलं. रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. इतक्या दिवसांनी कुणीतरी यांची नक्कल केली. किती बरं वाटलं.

३ फेब्रुवारी

पार्सलच्या खिडकीपुढे रांग. जुनी माणसं परत आली, नवीनही. मुलगा रोज दोन्ही वेळा दुकानातलंच खातो. म्हणतो, "आई, बाबांच्या हातचं झालंय." मी म्हटलं, "बाबांच्या बरणीचं आहे." कुठल्या पिठाचं, ते सांगितलं नाही.

सून आणि नात आमचं खात नाहीत. दोघींनाही दूध सोसत नाही. चीज पोटात गेलं की अंगावर गांध्या उठतात. सून घरून डबा आणते. मी गंमत केली, "पिझ्झेवाल्याच्या घरात पडलीस आणि नशिबात पोळी." ती म्हणाली, "म्हणूनच तर सडपातळ राहिलेय, आई. तुमच्याकडे बघा." तोंडाने फटकळ आहे, पण मनाने नाही.

१९ फेब्रुवारी

मुलाने नवीन खूळ काढलंय. पिझ्झा अर्धा भाजायचा, गोठवायचा, पाकीट करायचं आणि मोठ्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा. आमच्या गावातलं मोठं दुकान तयार झालं, शेजारच्या गावातली दोनही. मी म्हटलं, "तुझ्या बाबांना आवडलं असतं. खालच्या फळीवर ठेव."

तो पाकिटं बांधत होता. बघते तर डाव्या हाताने. हा लहानपणापासून उजवा.

"हात दुखतोय का?"

"नाही. का?"

दोरी इतक्या सफाईने बांधत होता.

६ मार्च

ग्रंथालयातून पाव-पिठावरचं पुस्तक आणलं. अवघड आहे, पण वाक्य वाक्य करून वाचते. त्यात लिहिलंय की खमिरात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, आणि रोज मळणाऱ्याच्या हातावर जे जीव असतात तेच हळूहळू खमिरात राहायला जातात. आणि खमिरातले हातावर येतात. शेवटी हात कुठला आणि पीठ कुठलं, असं वेगळं काढता येत नाही.

दोनदा वाचलं. पुस्तक मिटून हात मांडीवर ठेवून बसले होते, तर सून म्हणाली, "आई, बरं नाही का?" मी म्हटलं, "छान आहे मी. खूप छान आहे."

पुस्तक घेताना कार्डावर सही केली तेव्हा बाई म्हणाल्या, "सही बदललीत की काय?" मी म्हटलं, पेन नवीन आहे.

डाव्या हाताच्या करंगळीकडच्या कडेला शाई लागली आहे. कुठे टेकला हात, कळत नाही. साबणाने जात नाही.

२२ मार्च

संध्याकाळी दुकान बंद करताना मुलगा दार धरून उभा राहिला. "मालकीणबाई," म्हणाला, "आधी तुम्ही."

त्याने हे ऐकलेलं आहे, लहानपणापासून रोज ऐकलेलं आहे, बापाची आठवण म्हणून म्हणाला असेल. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. मुद्दामच. आवाजापुरती पुढे झाले, बाहेर पडले.

मागे सून होती, नातीला कडेवर घेऊन. त्याने दार लावून घेतलं आणि किल्ली फिरवली. त्या दोघी आत.

सुनेने काचेवर थाप मारली तेव्हा त्याने उघडलं. "अरे, कुणी राहिलं होतं का?" म्हणाला.

१७ एप्रिल

वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी. 'वाचकांचे आवडते पिझ्झे.' बसून खायचे, पार्सलचे आणि फ्रीझरमधले, असे तीन भाग. तिन्हीत पहिलं नाव आमच्या दुकानाचं. सदर लिहिणाऱ्या बाई मागे दोनदा येऊन गेल्या होत्या. तेव्हा त्यांनी काटे-चमचे मागितले होते. पुरवणीत त्या म्हणतात, काटे-चमचे हवेत कशाला.

मश्रूमवाल्या हॉटेलचा दुसरा नंबर आहे, बरं वाटलं. लसणाचा पार्सलवाला कुठेच नाही, वाईट वाटलं.

वाचकांचे फोटो छापलेत. लांबलांबच्या गावांचे, जिथे आता आमची पाकिटं फ्रीझरमधून जातात. एक मुलींचं वसतिगृह, एक जाडे गृहस्थ, एक नवरा-बायको बाल्कनीत, कुठली कुठली माणसं. सगळ्यांनी तुकडा डाव्या हातात धरलाय. सगळ्यांच्या तोंडात कड. आणि सगळे जरा मान वाकडी करून कॅमेऱ्याकडे बघतायत, जसे हे मी खोके मोजत असताना माझ्याकडे बघायचे.

मी ते पान भिंतीला लावलं. मुलगा खूश. मास्तर खूश. सुनेने बघितलं आणि काढून घडी घालून खणात ठेवलं. मी पुन्हा लावलं. पुन्हा काढलं तिने.

"सासूशी वैर धरतेस का गं?"

"मला त्या माणसांसमोर पीठ चाळवत नाही, आई. सगळे तुमच्याकडे बघतायत."

म्हटलं, "बघू देत की."

२७ एप्रिल

कसं लिहू.

दुपारी नात दुकानाच्या मागच्या दारात उभी होती. मुलगा भट्टीसमोर स्टुलावर बसून उजवा गुडघा चोळत होता. त्याचा गुडघा कधी दुखलेला नाही. नात आत येईना. दाराची चौकट धरून म्हणाली, "आजोबा, बाबांना पाठवा ना."

मी म्हणणार होते, अगं, ते तुझे बाबाच आहेत. पण त्याआधी त्याने मान वळवली. अगदी प्रेमाने म्हणाला, "पाठवतो हं, बाळ. आला की पाठवतो."

ती बराच वेळ थांबली, मग गेली.

सुनेने हे ऐकलं. ती मला हाताला धरून गोदामात घेऊन गेली. पिठाच्या पोत्यावर बसवलं. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, परवा ते मला म्हणाले, तुम्ही कुणाकडे आलात? घरात. माझ्या स्वयंपाकघरात. मी हसले, म्हटलं चेष्टा करतायत. तर मला पाणी दिलं, खुर्ची दिली, म्हणाले, मुलगा येईलच इतक्यात."

मी पोत्याच्या तोंडाची सुतळी उलगडत बसले.

"तुम्हाला दिसत नाही, की बघायचं नाही?"

"दमलाय तो. कामाचा ताण आहे."

"बरणीत काय आहे?"

मग सांगितलं. परात, मूठभर पीठ, मटारांच्या मागचा डबा. ती ऐकत होती आणि तिचा हात माझ्या हातातून हळूहळू सुटत गेला.

"टाकून द्या," ती म्हणाली. "माझा नवरा मला परत द्या. तुमचा गेला, मला कळतंय, मी पण रडलेय. पण माझा जिवंत आहे."

मी म्हटलं बघते. असं म्हणाले मी. बघते.

२८ एप्रिल

खरं लिहायचं म्हणून ही वही आहे, तर खरं लिहिते. मला दिसत होतं. मास्तरांच्या वेळेलाच दिसलं होतं. मला ते हवं होतं. दार धरणारा माणूस मला हवा होता, आणि तो कुणाच्या पायांवर उभा आहे हे मी खाली बघून घेतलं नाही.

सकाळी मुलाला हाक मारली, त्याच्या नावाने. त्याने मागे वळून बघितलं, की कुणाला हाक मारतेय. मग मला म्हणाला, "तो दिसला नाही आज."

४ मे

गोठवलेल्या पदार्थांचा मोठा कारखाना आहे, त्यांची माणसं आली होती. त्यांना बरणी हवी आहे. कारखान्यात मोठ्या टाक्या आहेत, त्यात वाढवणार. मग पाकिटं कुठे कुठे जातील त्याचा नकाशाच दाखवला. मला त्यातली निम्मी गावं वाचता आली, निम्मी नाही आली.

साहेबाने नमुना खाल्ला. तुकडा फिरवला. टेबलावर टकटक.

मुलगा म्हणाला, "मालकीणबाई, सोमवारी गाडी पाठवतायत. तुमचं काय म्हणणं?"

तो आणि साहेब, दोघंही मान वाकडी करून माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "तुम्ही ठरवा." आणि नातीला शोधायला बाहेर गेले. ती पायरीवर बसून बाहुलीला सांगत होती, की आपले बाबा लांब कामाला गेलेत, पण येतील.

८ मे, रविवार

दुकान बंद. सुनेला सांगितलं, दिवसभर त्याला आणि पोरीला घेऊन तुझ्या माहेरी जा. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दुसरं काही विचारलं नाही. जाताना वाकून पाय धरणार होती, मी म्हटलं, "पळ, गाडी चुकेल."

आधी बरणी मोरीत ओतायला गेले. हात होईना. नळाखाली धरलेली बरणी पुन्हा ओट्यावर ठेवली. मग म्हटलं भट्टी. भाजलं की खमीर मरतं, पुस्तकात आहे.

बरणीतलं सगळं परातीत काढलं. खरवडून. फ्रीझरमधल्या डब्यात चिकटलेलं होतं तेही. परातीच्या फटींत सुकलेलं पीठ सुरीच्या टोकाने काढलं. सगळं एकत्र मळलं. बराच वेळ मळलं, लागत नव्हतं तितका वेळ. बोटं धरून ठेवत होतं. मी त्याच्याशी बोलले; काय बोलले ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

थापलं. टोमॅटो, कांदा, चीज, यांना आवडायचे तसे ऑलिव्ह अख्खे. लांब दांड्याच्या फावड्यावर घेतलं आणि आत सोडलं. कड फुगली, करपली, फुटली. वास सगळ्या दुकानात भरला. मी खुर्चीत बसून राहिले.

बाहेर काढल्यावर पंचाईत. भाजलेलं खाऊनच तर हे सगळं झालं होतं. कचऱ्यात टाकलं तर मांजरं खातील, पाखरं खातील. उद्या चिमण्या कडेकडून टिपायला लागायच्या. हसू आलं मला, इतक्यातही.

म्हणून मीच खाल्ला. अख्खा. चार माणसांचा होता. तुकडा तुकडा, थांबत थांबत, पाणी पीत. शेवटचं टोक राहिलं तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. तेही खाल्लं.

जमलं की.

मग परात भट्टीत घातली. जुनं लाकूड, चांगली पेटली.

९ मे

कारखान्याची गाडी आली, रिकामी गेली. साहेब फोनवर फार बोलले. मी म्हटलं, "मेलं ते. पीठच आहे, मरतं." दुकानांतली पाकिटंही सुनेने परत मागवली, जाळली.

मुलगा झोपून आहे. ताप नाही, नुसता झोपलाय.

१६ मे

आज उठला. आरशासमोर बराच वेळ होता. मग स्वयंपाकघरात आला, चहाचा कप उजव्या हाताने उचलला आणि बायकोला म्हणाला, "अगं, किती वाळलीस तू?" ती ओट्याला धरून खाली बसली.

नात दारातून बघत होती. "कोण आलंय?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "तूच बघ." ती चौकट सोडून आत आली, अगदी जवळ गेली, त्याच्या मानेला नाक लावून वास घेतला आणि ओरडली, "बाबा!"

तो तिला उचलून फिरवत होता. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तसंच असावं. लेकराने लेकरासारखंच असावं.

गुडघा दुखतोय. एवढं अन्न एकदम खाल्लं त्याचं काहीतरी असेल.

२ जून

मास्तरांनी आज टोकाकडून खाल्लं आणि ताट सरकवलं. "यात राम नाही," म्हणाले. "तुमच्या नवऱ्याचा पिझ्झा असा होता का? उलटा खायचा बेटा, पण करायचा सरळ." मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला.

सून पीठ मळते, पुडीतल्या यीस्टचं. तिचे खांदे भरलेत. गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय, पण आहे. पार्सलच्या खिडकीत मी असते.

मागच्या आठवड्यात ती आजारी होती म्हणून मी हात लावला. नवीन परात, नवी पुडी, बाजारचं पीठ. दुपारपर्यंत गोळे दुप्पट झाले होते. फडकं उचललं, तर तो वास. मानेचा.

सगळे गोळे भट्टीत टाकून कोळसा केला. सुनेला म्हटलं, पीठ खराब होतं. आता मी हातमोजे घालते. पिठाला हात लावत नाही, खोकेसुद्धा हातमोज्यांनीच घडी घालते. ती म्हणते, "आई, राणीसारख्या दिसता." म्हटलं, "मग काय तर."

हातात आहे तेवढं माझ्यापुरतं राहू दे. कुणाचं काही घेत नाही आता. संध्याकाळी हातमोजे काढून बसले की हात उबदार असतात, कुणीतरी धरून ठेवल्यासारखे. मी सुखात आहे.

१८ जून

मोठ्या दुकानात गेले होते. फ्रीझरच्या खालच्या फळीवरचा तो सगळ्यात स्वस्त घेतला. घरी भाजला. काय सुंदर आहे! रबरासारखं चीज आहे, पण त्या बिचाऱ्याचे कुणीतरी लाड करायला नको का. इतकी वर्षं नावं ठेवली मी, कशाला ठेवली कोण जाणे. मश्रूमचा तो पातळ मात्र आता नको वाटतो. कागद खाल्ल्यासारखा.

वहीवर सगळीकडे शाई फरफटते आहे. ओळ लिहून पुढे गेलं की हाताची कड तिच्यावरून जाते. पूर्वी असं होत नव्हतं. पेन बदलायला हवं.

चला, आजचा दिवस भाजून झाला.

५ जुलै

पुस्तक परत करायचं राहिलं म्हणून ग्रंथालयातल्या बाई दुकानात आल्या. "वाचन बंद केलंत का?" मी म्हटलं, "वाचणारी मी कुठली?" त्या हसल्या, मी चेष्टा केली नव्हती. पुस्तक उघडून बघितलं, अक्षरं बारीक आहेत, कंटाळा येतो. त्यापेक्षा भट्टीसमोर बसावं, गुडघा शेकावा.

त्या खोके घडी घालायच्या जागेकडे बघत होत्या. तिथे पूर्वी पुस्तक उघडं असायचं म्हणे.

चला, आजचा दिवस भाजून झाला.

११ जुलै

मुलगा, सून, पोरगी पुढे घरी गेली. पोरगी बापाच्या खांद्यावर होती, कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवत होती. चांगलं कुटुंब आहे. नीट राहतील.

भट्टी विझवली. फावडं पुसून टांगलं. दिवे घालवले, दार उघडलं आणि धरून उभी राहिले. म्हटलं, "मालकीणबाई, आधी तुम्ही."

आत खोक्यांची चळत होती, स्टूल होतं. बराच वेळ दार धरून होते. गुडघा दुखायला लागला.

कुणी आलं नाही.